काढलेले एक्स्टेन्शन पुन्हा येते, तेव्हा शोध कुठे घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या विंडोज संगणकावर क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये काहीही शोधले की क्षणभर एक अनोळखी पत्ता दिसून जातो आणि निकाल बिंगच्या किंवा याहूच्या पानावर उघडतात. सेटिंग्जमध्ये गूगल पुन्हा निवडले, तरी संगणक बंद करून सुरू केला की पुन्हा तेच. एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) संशयास्पद वाटते, पण त्याचे ‘रिमूव्ह’ बटण दिसतच नाही, आणि मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ आली आहे. क्रोम काढून नव्याने टाकले, तरी उपयोग झाला नाही. आता फॉरमॅट करावे का?

फॉरमॅट करण्याची वेळ अजून आलेली नाही. दिलेल्या लक्षणांवरून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते: डोळ्यांना दिसणारे एक्स्टेन्शन हे या प्रकरणाचे शेवटचे टोक आहे आणि त्याला पुन्हा पुन्हा आणून बसवणारे काहीतरी ब्राउझरच्या बाहेर, विंडोजमध्ये आहे. बहुतेक जण आधी सर्च इंजिन बदलतात, मग एक्स्टेन्शन काढायचा प्रयत्न करतात आणि तिथेच अडतात. काम नेमके उलट्या क्रमाने करावे लागते. आधी ते आणणारा प्रोग्रॅम शोधायचा, मग त्याने लादलेली पॉलिसी, म्हणजे वापरणाऱ्याला बदलता न येणारा नियम, काढायची, त्यानंतर एक्स्टेन्शन काढायचे आणि सर्वांत शेवटी सेटिंग्ज दुरुस्त करायची. हा क्रम पाळला तर सहसा तासाभरात काम होते. तो चुकला तर आठवडाभर तेच ते करत बसावे लागते.

हे सारे कशासाठी केले जाते, ते आधी समजून घेतले तर पुढची तपासणी सोपी जाते. सर्च इंजिनांना जाहिरातींतून पैसे मिळतात आणि त्यांच्याकडे शोध पाठवणाऱ्या भागीदारांना त्यातला वाटा दिला जातो. एक्स्टेन्शन तुमचा शोध आधी स्वतःच्या पत्त्यावर नेते, तिथे त्याला भागीदाराचा सांकेतिक क्रमांक चिकटवला जातो आणि मग तो एखाद्या खऱ्या सर्च इंजिनाकडे सोपवला जातो. म्हणूनच शेवटी दिसणारे पान खरे बिंग किंवा खरे याहू असते आणि निकालही खरे असतात. गडबड होते ती मधल्या अर्ध्या सेकंदात. बिंगला दोष देऊन काही साधत नाही. मधला पत्ता कोणता, ते टिपून ठेवा, कारण पुढे सर्च इंजिनांच्या यादीत किंवा पॉलिसीच्या पानावर तोच पत्ता दिसला की माग लागला असे समजावे.

अशी एक्स्टेन्शन्स येण्याच्या वाटा ठरावीक आहेत. फाईलचे पीडीएफ करून देणारे, हवामान दाखवणारे, आवाज वाढवणारे, व्हिडिओ उतरवून घेणारे, नव्या टॅबवर सुंदर चित्रे लावणारे असे काहीतरी आपण स्वतःच घेतो, आणि परवानग्यांच्या खिडकीत ‘सर्च सेटिंग्ज बदला’ अशी ओळ असूनही ती न वाचता होकार देतो. दुसरी वाट फुकट सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरची. त्यात ‘रेकमेंडेड’ हा पर्याय ठेवून पुढे पुढे गेले की सोबतचे दोन-तीन प्रोग्रॅमही बसतात. तिसरी वाट सर्वांत फसवी, कारण तिथे वापरणाऱ्याची काहीच चूक नसते: चांगले चाललेले एक्स्टेन्शन मूळ लेखक विकून टाकतो आणि नवा मालक अपडेटमधून त्याचे वागणे बदलतो. न वापरलेले टॅब झोपवून ठेवणाऱ्या ‘द ग्रेट सस्पेंडर’ या एक्स्टेन्शनचे असेच झाले. वीस लाखांहून अधिक लोक ते वापरत होते. २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हाती गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. ‘मी तर नवीन काहीच घेतले नाही’ असे जेव्हा कोणी सांगते, तेव्हा त्यावर विश्वास ठेवून मी जुन्या एक्स्टेन्शन्सची यादीही तितक्याच बारकाईने पाहतो.

चौथी वाट म्हणजे क्रॅक केलेले गेम आणि चित्रपट. २०२२ मध्ये पसरलेले ‘क्रोमलोडर’ याच वाटेने येत असे. उतरवलेली आयएसओ फाईल (डिस्कची एका फाईलमधली प्रत) उघडली की त्यातला प्रोग्रॅम विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीत, एक काम नोंदवी, ते काम ठरावीक अंतराने पॉवरशेल हे विंडोजचे आज्ञा चालवणारे साधन चालवी, आणि पॉवरशेल क्रोममध्ये एक्स्टेन्शन घुसवी. वापरणाऱ्याने एक्स्टेन्शन्सचे पान उघडले, तर ते त्याला तिथून दुसरीकडे ढकलत असे. तुमच्या तक्रारीत ‘संगणक पुन्हा सुरू केल्यावर’ हे शब्द आहेत म्हणून हे उदाहरण दिले. परत येण्याला जर ठरावीक वेळ किंवा प्रसंग असेल, तर जवळजवळ नेहमी त्यामागे एखादे नोंदवलेले काम असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली पाच मिनिटे काहीही न काढता फक्त निदान करावे. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातल्या प्रोफाईलच्या चित्रावर क्लिक करून ‘गेस्ट’ खिडकी उघडा आणि तिथे शोधून पाहा. गेस्ट खिडकीत तुमच्या प्रोफाईलची एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. तिथे शोध सरळ गेला तर बिघाड प्रोफाईलमध्ये आहे. तिथेही वळवला गेला तर पॉलिसी, प्रॉक्सी (इंटरनेटची ये-जा मध्ये घेणारा सर्व्हर) किंवा शॉर्टकट यांच्याकडे पाहावे लागेल. त्याच वायफायवर फोनमध्येही असेच होत असेल, तर मात्र संगणक सोडून राउटरच्या डीएनएस सेटिंगपासून (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) सुरुवात करावी. शॉर्टकटची तपासणी लोक हमखास विसरतात. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हावर राईट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘टार्गेट’ची चौकट पाहा. ती ओळ क्रोमच्या ईएक्सई फाईलच्या नावावर आणि अवतरणचिन्हावर संपायला हवी. प्रोफाईलचा उल्लेख पुढे असला तर चालतो, पण त्या पुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता किंवा एक्स्टेन्शन लोड करण्याची आज्ञा जोडलेली दिसली, तर तेवढा भाग पुसून टाका. टास्कबारवर पिन केलेला शॉर्टकट वेगळा असतो, तोही पाहा.

काही काढायला घेण्यापूर्वी क्रोमचे सिंक, म्हणजे गूगल खात्यातून सेटिंग्ज सगळ्या उपकरणांवर सारखी ठेवण्याची सोय, बंद करा, आणि त्याच खात्याने उघडलेल्या दुसऱ्या संगणकांवरही ते बंद करा. एक्स्टेन्शन्स आणि सर्च इंजिनाची सेटिंग्ज खात्याबरोबर फिरतात. क्रोम काढून नव्याने टाकूनही फरक पडला नाही, त्याचे एक कारण हेच असू शकते: तुम्ही साइन इन केलेत आणि घाण पुन्हा उतरली. दुसरे कारण असे, की अनइन्स्टॉल करताना ब्राउझिंगचा डेटा पुसण्याच्या चौकटीत खूण केली नसेल, तर प्रोफाईलचे फोल्डर जागेवरच राहते. आणि तिसरे, पॉलिसी तर क्रोममध्ये नसतेच. ती विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज ठेवतात त्या साठ्यात, असते.

आता आणणारा शोधू. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची यादी तारखेच्या क्रमाने लावा आणि त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास काय काय आले ते पाहा. एकाच दिवशी तीन-चार प्रोग्रॅम आले असतील आणि त्यांतला एकच तुम्ही मुद्दाम घेतला असेल, तर बाकीचे काढा. नंतर टास्क शेड्युलर उघडा. डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक केले की मधल्या भागात कामांची यादी येते. एकेक काम निवडून खालचा ‘ॲक्शन्स’ हा टॅब पाहायचा. गूगलचे, मायक्रोसॉफ्टचे, प्रिंटर किंवा ग्राफिक्स कार्डच्या कंपनीचे अपडेट करणारे काम सहसा ‘प्रोग्रॅम फाईल्स’मधली ओळखीच्या नावाची फाईल चालवते. संशयास्पद काम वेगळे दिसते. ते पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा सीएमडी असे आज्ञा चालवणारे साधन चालवते, पुढे खिडकी लपवण्याची आज्ञा असते आणि त्यानंतर अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची लांबलचक माळ असते; किंवा ते वापरणाऱ्याच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमधल्या, भलत्याच नावाच्या फाईलकडे बोट दाखवते. ‘ट्रिगर्स’ टॅबमध्ये ‘लॉग ऑन केल्यावर’ किंवा ‘दर दहा मिनिटांनी’ असे काही लिहिलेले असले, तर तुमच्या तक्रारीशी त्याचा मेळ बसतो. असे काम लगेच डिलीट करू नका. आधी ‘डिसेबल’ करा, ते ज्या फाईलकडे बोट दाखवते तिचे ठिकाण लिहून ठेवा, आणि संगणक नीट चालतो आहे याची खात्री झाल्यावर काम आणि फाईल दोन्ही काढा. टास्क मॅनेजरमधला ‘स्टार्टअप ॲप्स’ हा भागही याच नजरेने पाहून घ्या.

यानंतर पॉलिसी. कंपन्या आणि महाविद्यालये आपल्या संगणकांवरचा क्रोम एका जागेवरून सांभाळू शकावीत म्हणून गूगलने ही सोय केली आहे, आणि ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ ही ओळ मुळात तिच्यासाठी आहे. संगणक नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेला असेल, तर इथेच थांबा आणि तिथल्या आयटी विभागाला कळवा. त्यांच्या पॉलिसी पुसणे योग्य नाही. घरच्या संगणकावर ही ओळ आली म्हणजे प्रत्येक वेळी घातपातच असतो असेही नाही, काही अँटिव्हायरसही आपले एक्स्टेन्शन याच मार्गाने बसवतात. खरे काय ते पॉलिसीच्या पानावर कळते. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पुढे पॉलिसी असे टाईप करून एंटर दाबा. ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्स लिस्ट’ या नावाची नोंद दिसली, तर तीच तुमच्या हरवलेल्या ‘रिमूव्ह’ बटणाचे कारण आहे, कारण त्या यादीतले एक्स्टेन्शन वापरणाऱ्याला काढता येत नाही. तिच्या मूल्यात ३२ इंग्रजी अक्षरांची ओळख असते, सगळी अक्षरे ए ते पी यांमधलीच, मग अर्धविराम आणि त्यापुढे अपडेटचा पत्ता. ही ३२ अक्षरे कॉपी करून ठेवा. एक्स्टेन्शन्सच्या पानावर ‘डेव्हलपर मोड’ सुरू केला की प्रत्येक एक्स्टेन्शनखाली त्याची ओळख दिसते. दोन्ही जुळवून पाहिल्या की नेमके कोणते लादले गेले आहे याबद्दल शंका उरत नाही.

ती नोंद काढण्यासाठी रजिस्ट्री एडिटर उघडा. एचकी-लोकल-मशीन, त्यात सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असे एकेक उघडत जा. एचकी-करंट-यूजरमध्येही हाच मार्ग तपासा. काहीही काढण्याआधी त्या फोल्डरवर राईट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ने प्रत ठेवा, रजिस्ट्रीत केलेला बदल मागे घेण्याचे बटण नसते. नोंद संशयास्पद एक्स्टेन्शनचीच आहे हे पटल्यावर ती काढा. शिवाय पॉलिसीज हा भाग वगळून सॉफ्टवेअर, गूगल, क्रोम, एक्स्टेन्शन्स अशीही एक जागा आहे, आणि ६४ बिट विंडोजमध्ये ‘वाव ६४३२ नोड’च्या आत तिचीच जुळी जागा असते. बाहेरचे प्रोग्रॅम आपली एक्स्टेन्शन्स तिथे नोंदवतात. तिथेही त्याच ३२ अक्षरांच्या नावाचे फोल्डर आहे का ते पाहा.

रजिस्ट्रीतली नोंद पुसली आणि ती काही वेळाने पुन्हा उगवली, तर निराश होऊ नका. तिचा उगम विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम ३२ च्या आत, ‘ग्रुप पॉलिसी’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये असू शकतो. तिथल्या ‘मशीन’ किंवा ‘यूजर’ या उपफोल्डरात ‘रजिस्ट्री’ नावाची, पीओएल प्रकारची फाईल असेल, तर विंडोज पॉलिसी लागू करताना तिच्यातला मजकूर पुन्हा रजिस्ट्रीत उतरवू शकते. घरच्या संगणकावर, जिथे तुम्ही स्वतः कधीही ग्रुप पॉलिसी बदललेली नाही, तिथे ती फाईल दुसरीकडे हलवून संगणक पुन्हा सुरू करावा. फक्त एक्स्टेन्शन काढण्यावर भर देणाऱ्या सूचनांमध्ये ही पायरी नसते, म्हणून अनेकांचे काम शेवटच्या टप्प्यावर फसते.

आता एक्स्टेन्शन. पॉलिसीच्या पानावर ‘रीलोड पॉलिसीज’ दाबून नोंद गेल्याची खात्री करा, म्हणजे एक्स्टेन्शन्सच्या पानावरून ते एक्स्टेन्शन आपोआप गेलेले असेल किंवा त्याचे ‘रिमूव्ह’ बटण परत आलेले दिसेल. ते पान उघडताच बंद होत असेल किंवा दुसरीकडे जात असेल, तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडा, त्यातली त्या एक्स्टेन्शनची ओळ निवडून प्रक्रिया संपवा आणि लगेच पान उघडा. या टप्प्यावर माझा सल्ला कठोर वाटेल: जे एक्स्टेन्शन गेल्या महिन्यात वापरल्याचे आठवत नाही, ते सगळे काढून टाका. उपयोगी निघाले तर नंतर पुन्हा घेता येते.

सेटिंग्जचे काम आता सोपे राहिले आहे. सर्च इंजिनांच्या यादीतून टिपून ठेवलेला पत्ता काढा, हवे ते सर्च इंजिन निवडा, क्रोम सुरू होताना उघडणारी पाने आणि होमपेज पाहा. ‘रीसेट सेटिंग्ज’ वापरायचे असेल तर ते इथे वापरावे. त्याने बुकमार्क, हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. कुकीज (लॉग-इन वगैरे लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) जातात आणि एक्स्टेन्शन्स बंद होतात, काढली जात नाहीत. पॉलिसीला ते हातही लावत नाही, म्हणून सुरुवातीला केलेले रीसेट वाया जाते. कोपऱ्यात जाहिरातींच्या सूचना येत असतील, तर त्यांचा एक्स्टेन्शनशी सहसा संबंध नसतो. साईट सेटिंग्जमधल्या ‘नोटिफिकेशन्स’मध्ये परवानगी दिलेली अनोळखी संकेतस्थळे काढली की त्या थांबतात.

एजमध्ये सारे असेच आहे, फक्त रजिस्ट्रीचा मार्ग मायक्रोसॉफ्ट आणि एज या नावांनी जातो. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट, कोलन, पॉलिसीज’ हे पान पाहावे, इन्स्टॉलेशनच्या फोल्डरात ‘डिस्ट्रिब्यूशन’ नावाच्या उपफोल्डरमध्ये पॉलिसीची जेसन फाईल आहे का ते तपासावे, आणि प्रोफाईलमध्ये तुम्ही न बनवलेली ‘यूजर’ नावाची जेएस फाईल असेल तर ती काढावी. ती प्रत्येक वेळी फायरफॉक्स सुरू होताना सेटिंग्ज बदलून टाकते. मॅकवर पॉलिसीची हीच भूमिका कॉन्फिगरेशन प्रोफाईल बजावते. सिस्टम सेटिंग्जमध्ये तिला शोधून काढावे आणि लायब्ररी फोल्डरमधले ‘लाँच एजंट्स’ आणि ‘लाँच डीमन्स’ (आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या नोंदी) पाहावेत. सफारीचे एक्स्टेन्शन एखाद्या ॲपसोबत आलेले असते, ते ॲपच काढावे लागते. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. तिथे असे होत असेल तर नव्याने घेतलेल्या ॲप्सवर संशय घ्यावा.

हाताने केलेल्या कामानंतर एक स्वयंचलित तपासणी जरूर करावी. मालवेअरबाइट्सचे ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ हे मोफत साधन याच प्रकारच्या प्रोग्रॅमसाठी बनवलेले आहे, आणि विंडोज डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन विंडोज सुरू होण्याआधी तपासणी करते. डिफेंडरच्या ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये संभाव्य नको असलेली ॲप्स अडवण्याची सोय आहे, ती सुरू ठेवा. क्रोमच्या स्वतःच्या सफाईच्या साधनाचा सल्ला अजूनही पुष्कळ ठिकाणी दिला जातो, पण गूगलने ते २०२३ मध्ये बंद केले. सेटिंग्जमध्ये तो पर्याय सापडला नाही तर शोधत बसू नका. आणि एक कळकळीची विनंती: ही साधने बिघडलेल्या ब्राउझरमधून शोधून उतरवू नका. ज्याने तुमचा शोध पळवला आहे, त्याच्याच हातून तुम्ही औषध मागत असता, आणि ‘एका क्लिकमध्ये काढा’ असे म्हणणाऱ्या बनावट साधनांच्या जाहिराती तिथेच सर्वांत वर येतात. कंपनीचा पत्ता स्वतः टाईप करा किंवा दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून फाईल आणा.

पासवर्डबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगणे भाग आहे. शोध वळवणाऱ्या बहुतेक एक्स्टेन्शन्सना रस असतो तो जाहिरातींच्या पैशात. पण ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी ज्याच्याकडे होती, त्याला तुम्ही अर्जात भरलेले सर्व काही वाचता येत होते. एक्स्टेन्शनच्या तपशिलात ती परवानगी दिसली, तर आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड स्वच्छ उपकरणावरून बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून लॉग आउट’ करा. नुसता पासवर्ड बदलून भागेलच असे नाही, कारण चोरलेल्या कुकीने आधीच उघडलेले सत्र काही ठिकाणी तसेच चालू राहते.

सगळे झाल्यावर संगणक दोनदा पुन्हा सुरू करा, दिवसभर नेहमीसारखा वापरा आणि दुसऱ्या दिवशी पॉलिसीचे पान पुन्हा उघडून पाहा. ते स्वच्छ असेल तर सिंकचा ढगातला साठा गूगल खात्याच्या सिंक पानावरून पुसा आणि मगच सिंक सुरू करा. नोंद परत आली असेल तर टास्क शेड्युलरकडे वळा, तिथे एखादे काम नजरेतून सुटले आहे. दोन फेऱ्यांनंतरही ती येत राहिली, तर विंडोज रीसेट करण्याचा विचार करावा. तसे करताना बुकमार्क एचटीएमएल फाईलच्या रूपाने बाहेर काढा, कागदपत्रे आणि छायाचित्रे वेगळ्या डिस्कवर घ्या, पण क्रोमचे प्रोफाईल फोल्डर आणि जुने इन्स्टॉलर मात्र सोबत नेऊ नका.